सान पेद्रूवरची गादी

दादर, मुंबई
४ जानेवारी १९५३

प्रिय ऑगस्टीन,

सप्रेम नमस्कार. वर्ष लागल्यावर चारच दिवसांत माझं पत्र आलं, म्हणजे काहीतरी काम असणार हे तू ओळखलंच असशील. आहेच काम. आधी रागावू नकोस, पूर्ण वाच.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी एक खास पाहुणा घेऊन पाचूबंदरला येणार आहे. नाव आत्ता सांगत नाही. त्यांना समुद्रावर गळ टाकून बसायचं आहे. तुझी सान पेद्रू मासळीची होडी, तिच्या उघड्या फळ्यांवर तू-मी जन्मभर बसू, पण या माणसाला ते जमायचं नाही. तेव्हा मधल्या फळ्यांवर चांगली जाड गादी करून घे. पाठीलाही टेकू हवा. वरून मेणकापड, म्हणजे खाऱ्या पाण्याने भिजायची नाही. आणि काठाला दोन नळ्या ठोकून घ्यायच्या, गळाची काठी त्यात उभी राहील आणि माणसाला हातात धरून बसावं लागणार नाही. पितळी नळ्या मी इथून पाठवतो.

खर्च माझा. सुझानमावशींना म्हणावं, विद्याला शिवण तुमच्याच हातची हवी.

तुझा
विद्याधर


पाचूबंदर, वसई
११ जानेवारी १९५३

विद्या,

पत्र पावलं. आयला वाचून दाखवलं तर ती म्हनते, होडीत गादी? उद्या पलंग मागेल! मेरी तर हसून हसून बेजार. अख्ख्या बंदरात आता मला गादीवाला म्हनायला लागलेत. बघ तुझ्यापायी काय काय ऐकायचं.

करतो पन. तुझं काम मी कधी टाळलंय? फळीचं माप घेतलंय. आत काथ्या भरतो, कापूस भिजला की कुजतो. मेनकापडाच्या आतून आय तिचं लाल लुगडं लावनार, तिच्या लग्नातलं. मी म्हटलं जुनं गोनपाट लाव, तर माझ्यावरच खेकसली.

नळ्यांचं एक सांगतो. त्या काठाच्या वर आल्या की जाळं ओढताना अडकनार. पन एका दिवसाचा प्रश्न आहे, बघून घेऊ.

आनि विद्या, पाहुना कोन ते माझ्या ध्यानात आलंय. नाव तू घेतलं नाहीस, मी पन घेत नाय. एवढंच लिहितो की दिवाळीत तुझ्या आप्पांकडे गेलो होतो. वाडीतल्या तळ्याच्या, बावखलाच्या पायऱ्यांवर घसरले तेव्हापासून त्यांची कंबर काही धड झाली नाय. मला म्हनाले, "माझ्या वाडीतलं उंडीचं झाड तुझ्या होडीत कना होऊन बसलं, अकरा वर्षं झाली, आनि मी एकदा पन तिच्यात बसून अर्नाळ्यापर्यंत गेलो नाय. आता तर फळीवर बूड टेकत नाय." बावखलावर गळ टाकून बसायचे ती बांबूची काठी अजून त्यांच्या ओटीवर आहे.

बेरकी आहेस. पन काम चांगलं काढलंस.

तुझा
ऑगस्टीन


दादर
१८ जानेवारी १९५३

प्रिय ऑगस्टीन,

तुझं पत्र मिळालं, फार बरं वाटलं. नळ्या सोबत पाठवल्या आहेत. ठोकताना वाकड्या होऊ देऊ नकोस.

दिवस ठरला. रविवार, ८ फेब्रुवारी, सकाळी आठ. आता चार गोष्टी सांगतो, मनाला लावून घेऊ नकोस. त्या दिवशी जाळी होडीत नको, वास राहतो. आदल्या दिवशी फळ्या धुऊन काढ. तू स्वच्छ सदरा घाल, जमलं तर पायजमा. मेरीवहिनींच्या हातचे तळलेले बोंबील असावेत, तिखट बेताचं.

या एका दिवसावर माझं बरंच अवलंबून आहे. का ते भेटल्यावर सांगेन.

विद्याधर


पाचूबंदर
२७ जानेवारी १९५३

विद्या,

गादी झाली. मी स्वतः बसून पाहिलं, उठावंसं वाटेना. उंची कुठल्या मापाने ठेवली ते विचारू नको. कंबर दुखनाऱ्या मानसाला उठता-बसता त्रास होनार नाय एवढी नक्की.

सदरा घालतो. पायजमा मात्र माझ्या बापाने घातला नाय, मी पन घालनार नाय!

वाटेकडे डोळे लावून बसनारे इथं पुष्कळ आहेत. आठाला ये.

ऑगस्टीन


दादर
१० फेब्रुवारी १९५३

प्रिय ऑगस्टीन,

परवाचा दिवस झकास झाला. मोठे साहेब बेहद्द खूश आहेत. काल सगळ्या ऑफिसात माझ्या होडीचीच चर्चा! गादीची तर त्यांनी मडमेला जाऊन तारीफ केली म्हणे. हेडक्लार्कची जागा एप्रिलमध्ये रिकामी होते आहे, ती कोणाला द्यायची ते साहेबच ठरवतात. आता तुला सगळं कळलं असेल.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. साहेबांनी विचारलं, "होडी तुझी?" तेव्हा मी हो म्हणालो. उंडी आमच्या वाडीची, कणा आमचा, म्हणजे तसं पाहिलं तर अगदीच खोटं नाही. आणि तुझ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की हा आमच्या घरचा गडी, वडिलांनी ठेवलेला. तू लगेच हात जोडून "हो साहेब" म्हणालास, त्यावरून तू समजून घेतलंस हे मी ओळखलं. आपल्यात असल्या गोष्टीचं काय? गादीवर त्यांचे बूट आले, तेही मी पाहिलं. पण साहेबाला बूट काढा कसं म्हणणार?

आप्पा नेमके त्याच वेळी बंदरावर कसे आले कोण जाणे. म्हणे सहज मासळी बघायला आलो होतो. इस्त्रीचा कोट घालून मासळी बघायला! साहेब त्यांना म्हणाले, "तुमची होडी फार छान आहे." आप्पांनी नुसती मान हलवली. मी टांगा करून हंसा नि आप्पा, दोघां बाप-लेकींना घरी पाठवलं. एकंदरीत सगळ्यांनी प्रसंग छान सांभाळला.

नळ्या काढू नकोस हं, साहेब मार्चमध्ये पुन्हा यायचं म्हणताहेत. त्यांनी तुला दिलेली फेल्ट हॅट आवडली का?

विद्याधर


पाचूबंदर
२२ मार्च १९५३

विद्याधर,

तुझं पत्र येऊन दीड महिना होत आला. चार वेळा लिहायला बसलो नि उठलो. मेरी म्हनाली, नको लिहू. आय म्हनाली, लिही. आयचं ऐकतो.

आप्पा त्या दिवशी मासळी बघायला आले नव्हते. मी त्यांना बोलावलं होतं.

मला वाटलं तू त्यांच्यासाठीच गादी करवतोयस. कंबर दुखनारा मानूस, गळाची काठी, अजून कोन असनार? मी तुला लिहिलं पन होतं, ते काय म्हनाले ते. तू त्यावर एक अक्षर लिहिलं नाहीस तेव्हा मला वाटलं, गुपित राखतोय. मी वाडीत जाऊन त्यांच्या खुर्चीची उंची दोरीने मोजली. त्यांनी विचारलं, काय करतोस रे? माझ्या पोटात राहिना. सांगून टाकलं, विद्याने तुमच्यासाठी बेत केलाय, आठ तारखेला तयार राहा, पन तुम्हाला ठाऊक आहे असं दाखवू नका. म्हातारा लहान पोरासारखा हसला. कोट पेटीतून काढला, हंसाकडून इस्त्री करवली. टांग्यातून आले तेव्हा बांबूची काठी बरोबर होती. तू पाहिली नसशील, त्यांनी ती हंसाच्या हातात मागे धरायला दिली.

मंग तू साहेबाला घेऊन आलास.

हात जोडून हो साहेब म्हनालो ते तुला समजून घेतलं म्हनून नाय. तुझी चारचौघांत लाज जाऊ नये म्हनून. आप्पांनी मान हलवली ती पन त्याचसाठी. तुझी लाज राखायला आम्ही दोघं खोटं बोललो. आय किनाऱ्यावर उभी होती. तिच्या लुगड्यावर बूट ठेवून तो बसला, आनि तिच्या पोराने त्याच्यासमोर हात जोडले, हे तिने पाहिलं. त्या दिवशी ती जेवली नाय. मेरीने मला एवढंच विचारलं, "होडी कोनाची?" मला तोंड वर करवेना. मीच हो म्हनालो होतो ना! तुझ्यापेक्षा माझी मलाच लाज वाटते.

होळीच्या आठवड्यात जाळं नळीत अडकलं, दोन हात फाटलं. नळ्या काढल्या नाय. तू सांगितलं होतंस काढू नको म्हनून.

हॅट बोंबील सुकवायच्या वलांडीवर टांगलीय. कावळे येत नाय.

ऑगस्टीन


दादर
२ एप्रिल १९५३

प्रिय ऑगस्टीन,

काय लिहू? तुझं पत्र खिशात घेऊन आठवडाभर हिंडतो आहे. कोणी नुसतं नावाने हाक मारली तरी दचकतो.

तू लिहिलं होतंस. आप्पांना अर्नाळ्याला जायचं आहे, फळीवर बसवत नाही, काठी ओटीवर आहे. सगळं लिहिलं होतंस. मी ते पत्र पुन्हा काढून पाहिलं. ती ओळ मी वाचली होती, ऑगस्टीन. वाचली आणि पुढे गेलो, कारण मला फक्त तू हो म्हटलंस की नाही एवढंच बघायचं होतं. मुलगा असून मला जे सुचलं नाही ते तुला सुचलं, आणि तू त्याचं श्रेय मला दिलंस. हे मला सहन होत नाही.

आप्पांच्या हातात काठी होती हे मला माहीत नव्हतं, असं लिहिणार होतो. पण हंसा काहीतरी मागे लपवते आहे हे मी पाहिलं होतं. विचारलं नाही. साहेब बघत होते ना.

आप्पांना तीन कार्डं टाकली. उत्तरात केळीवर रोग आलाय, पानवेल बरी आहे, एवढंच. माझं नाव घालून आशीर्वाद.

नळ्या काढून टाक. आजच काढ. मी कुठल्या तोंडाने येऊ ते मात्र कळत नाही.

विद्याधर


दादर
१४ जून १९५३

प्रिय ऑगस्टीन,

तुझं उत्तर आलं नाही. यावं अशी अपेक्षाही नाही. तरी एक कळवतो.

काल मी साहेबांच्या खोलीत जाऊन खरं सांगितलं. होडी माझी नाही, वडिलांचीही नाही. ज्याला मी गडी म्हणालो तो तिचा मालक, आणि माझा पहिलीपासूनचा सोबती. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी मी मालकालाच माझ्या बुटाचा चिखल पुसायला सांगितला?" तू पुसलास ते मला आठवलं. तेव्हा मी दुसरीकडे बघत होतो.

हेडक्लार्कची जागा दुसऱ्याला मिळाली. त्याचं मला काही वाटत नाही असं लिहिलं होतं, मग खोडलं. वाटतं. पण कमी वाटतं.

सुझानमावशींना काय सांगू? काही सांगू नकोस.

विद्याधर


पाचूबंदर
३० ऑगस्ट १९५३

विद्या,

नारळी पुनव झाली, होडी पान्यात घातली. साहेबाला सांगितलंस ते बरं केलंस. आय म्हनाली, "उशीर केला, पन केलं."

आता ऐक. दरवर्षी पहिल्या जाळ्याची पहिली टोपली मी आप्पांकडे नेतो, तुला ठाऊकच आहे. ज्याच्या वाडीचं लाकूड, त्याच्या घरी पहिली टोपली. माझ्या बापाने ठरवलेलं. यंदा पापलेट निघाली, टोपली भरून नेली. आप्पांनी ओटीवरूनच परत पाठवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. म्हनाले, "त्या दिवशी मी मालक म्हनून मान हलवली. मालकाला कोन टोपली देतं? आता ती घ्यायला माझा हात धजत नाय."

मी खूप विनवलं. मंग म्हनाले, "विद्याला बोलाव. त्याच्या देखत एकदा होडीत बसतो, मंग बघू." कंबर अजून वाईट झालीय. पुढच्या वर्षी बसवेल का, माहीत नाय.

२७ सप्टेंबरला ये. एकटा ये.

ऑगस्टीन


दादर
२९ सप्टेंबर १९५३

प्रिय ऑगस्टीन,

परवा तू समोरच होतास, तरी लिहितो आहे. तू मागे सुकाणूवर होतास, वारा उलटा होता, आप्पा काय बोलले ते तुला ऐकू आलं नसेल.

तू त्यांना उचलून होडीत ठेवलंस. मी हात पुढे केला होता, त्यांनी तुझ्या मानेला मिठी मारली. गादी मधोमध मांडलेली, मेणकापड पुसून लख्ख. मी म्हणालो, "आप्पा, बसा. तुमच्याच मापाची आहे." ते म्हणाले, "मापाची आहे हे ठाऊक आहे. पण मांडली कोणासाठी होती? पाहुण्यासाठी ना? मग पाहुणा बसू दे. ही ऑगस्टीनची होडी, मी तिचा लाकूडवाला. इथे पाहुणा तू."

आणि ते शेजारच्या उघड्या फळीवर बसले. अर्नाळ्यापर्यंत आणि परत. प्रत्येक लाटेला त्यांचे ओठ घट्ट मिटत होते. मी दोनदा उठायला गेलो, त्यांनी माझा गुडघा धरून खाली दाबला. तू लांबून पाहिलं असशील तर वाटलं असेल बाप-लेक किती जवळ बसलेत! ऑगस्टीन, इतक्या मऊ जागेवर मी आयुष्यात बसलो नाही आणि इतका लाजलोही नाही. खालून सुझानमावशींच्या लुगड्याचा लाल काठ दिसत होता. पाय कुठे ठेवावे कळेना, म्हणून दोन तास ते वर धरून बसलो.

एका नळीत त्यांनी आपली काठी उभी केली. गळाला काही लागलं नाही. पण तिच्याकडे बघताना एकदा हसले. माझ्याकडे बघून नाही. दुसऱ्या नळीच्या जागी भोक होतं, त्यावर ते बराच वेळ बोट फिरवत राहिले.

उतरताना मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. सुझानमावशी किनाऱ्यावर होत्या. मी "मावशी" एवढंच म्हणू शकलो. त्या म्हणाल्या, "जेवून जा." जेवलो, पान साफ केलं.

मी तुझी माफी मागत नाही. ती मागितली की तू देऊन टाकशील. आप्पांना मात्र कधीतरी विचार, मी गादीवरून कधी उठायचं.

विद्याधर


पाचूबंदर
८ ऑक्टोबर १९५३

विद्या,

तुझं पत्र वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मेरीने काढून घेतलं.

काल टोपली घेऊन पुन्हा वाडीत गेलो. आप्पा ओटीवर बसले होते, कंबरेला शेक चालू होता. दोन दिवस उठले नव्हते म्हने. टोपली बघून विचारलं, "कोनाच्या होडीची?" मी म्हटलं, माझ्या. पुन्हा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की, आप्पा. मंग दोन्ही हात पुढे करून घेतली. हंसाने तिथंच कालवन केलं, मला पन बसवलं.

उंडीचा एक तुकडा त्यांनी जपून ठेवला होता, माझ्या होडीच्या कन्याच्याच झाडाचा. त्याची खुंटी स्वतः तासून दिली. नळीचं भोक त्या खुंटीने बुजवलंय, जाळं आता अडकत नाय. उरलेली नळी राहू दिलीय, त्यांच्या काठीसाठी. पुढच्या भरतीला पुन्हा नेनार आहे.

तुझा निरोप मी त्यांना सांगितला. ते खुंटी तासत राहिले.

घरी आलो तर आयने गादी उसवायला घेतलेली. काथ्या काढला, लुगडं धुऊन पेटीत ठेवलं. आप्पांच्या कंबरेपुरती एक लहान उशी शिवलीय. मी विचारलं, बाकीच्या फळ्यांवर काय? म्हनाली, "बाकी उघड्या राहू देत. आप्पांच्या शेजारची विद्याची."

रविवारी ये. आनि जुना सदरा घाल, जाळं ओढायचंय.

तुझा
ऑगस्टीन